बोलावल्याशिवाय तो आत येत नाही

१४ नोव्हेंबर
शनिवार, दुपार

तीर्थस्वरूप वन्सं,

नमस्कार. साष्टांग घालायला कंबर राजी नाही, म्हणून नुसती मान लववते. मान अजून शाबूत आहे, काळजी नसावी.

इकडे सगळं ठीक. तुमच्या कुंड्यांना रोज पाणी घालते. जाईने अंग धरलंय, गुलाब मात्र तुम्ही गेल्यापासून रुसून बसलाय. मोरीचा नळ एकदाचा दुरुस्त झाला. खालचा शिंपी विचारत होता, ताई कधी येणार म्हणून. मी म्हटलं, जावयाच्या हातच्या चहाची चटक लागली की माणूस लवकर परतत नाही. तो हसला, मीही हसले, आणि वर येताना जिन्यातच बराच वेळ बसून राहिले.

फोनवर तुम्ही कुंड्यांचं विचारता, नळाचं विचारता, सिलिंडर आला का विचारता. मी उत्तरं देते. मग दोघी गप्प होतो आणि तुम्ही "ठेवते" म्हणता. हल्ली तर "वहिनी" अशी हाकही नसते, नुसतं "ऐकतेस ना" असतं. म्हणून हे पत्र. कागदाला "ठेवते" म्हणता येत नाही.

माझ्या कामाचं सांगते. तुम्ही इथे असताना मी आवाज दिलेला तो रक्तपिपासू सुळेवाल्याचा सिनेमा लागलाय. गोष्ट तुम्हाला तोंडपाठ आहे. धुकं, गढी, मेणबत्त्या, पांढऱ्या झग्यातली बाई झोपेत चालत खिडकीपाशी येते वगैरे. तोंड तिचं, आवाज माझा. परक्या भाषेतल्या किती बायका माझ्या घशातून मेल्या असतील, कोण जाणे. आठवतं ना, मी स्वयंपाकघरात उसाशांचा सराव करत होते आणि तुम्ही बाम घेऊन धावत आलात? छातीत कळ आली का म्हणून विचारलंत, आणि खरं कारण कळल्यावर म्हणालात की असल्या कामाचे पैसे देणाऱ्यालाच बाम लावायला हवा.

हसू नका, पण या सिनेमांबद्दल मला एक गोष्ट कळली आहे, आणि ती तुमच्याशिवाय कुणाला सांगणार? त्यांना भीतीचे सिनेमे म्हणतात. कात्री लावणारी मंडळी उघडा खांदा कापतात, मांडी कापतात, पलंगावर दोघं दिसली तर एकाला उठवून लावतात. चावा तेवढा ठेवतात, कारण त्यांच्या मते ती भीती. पण तुम्ही तो चावा नीट बघा. तो एका बोटाने तिचे केस बाजूला करतो. लगेच चावत नाही. त्याचा श्वास मानेवर पडतो, तिचे डोळे मिटतात, पायाची बोटं गादीवर वळतात. आणि कॅमेरा दातांवर नसतोच, तिच्या चेहऱ्यावर असतो. दाखवायची बंदी असलेलं सगळं टाचणीएवढ्या दोन जखमांमध्ये कोंबलेलं असतं. चित्र कापता येतं, उसासा कापता येत नाही. मी तो मनगट ओठांशी धरून काढते, म्हणजे श्वास कातडीवर आपटून आल्यासारखा येतो. काळोखी खोली, पडद्याचा निळसर उजेड आणि आपलंच मनगट. बाहेर आले की रस्ता पाण्याखालून बघावा तसा दिसतो, रहदारीचा आवाजही लांबून येतो.

तुमचा भाऊ गेला त्या वर्षापासून आपण शुक्रवारी दुपारच्या खेळाला जायला लागलो. मला घराबाहेर काढायला म्हणून तुम्ही नेलंत, नाहीतर भुताखेतांचा तुम्हाला तिटकारा. बोटांच्या फटीतून बघायचात. ती मागच्या रांगेतली दोन आसनं जणू आपल्या नावावरच होती. एकदा पडद्यावर ती बाई खिडकीच्या आत उभी होती आणि तो बाहेर धुक्यात. बोलावल्याशिवाय त्याला आत येता येत नाही, हा त्या लोकांचा नियम. ती कडीवर हात ठेवून नुसती उभी. तेव्हा तुम्ही अगदी हळू म्हणालात, "उघड की गं."

मी ऐकलं, वन्सं. तिशीत एकट्या पडलेल्या, लेक एकटीच्या बळावर वाढवलेल्या तुम्ही, रोज दोनदा कडी तपासणाऱ्या तुम्ही. मी मान वळवली नाही. घरी येताना आपण भाजीच्या भावावर बोलत आलो.

इथवर आले आणि पेन थांबलं. उठून कुंड्यांना परत पाणी घालून आले. या पत्रापायी गुलाब कुजणार बहुतेक.

आता सरदारांचं. आपल्या भाषेत आणताना सुळेवाल्याला दरवेळी सरदार करतात, म्हणून त्याला आवाज देणाऱ्या माणसालाही स्टुडिओत सगळे सरदारच म्हणतात. त्यांचं रेकॉर्डिंग सकाळी, माझं दुपारी. हेडफोनमध्ये त्यांचे संवाद आधी येतात, मग मी. कित्येक वर्षं हा माणूस माझ्या कानात बोलत होता आणि मी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. पाहिलं तेव्हा हसूच आलं. लहानखुरे, पोक काढून चालणारे, गुडघेदुखी, हातात कोमट पाण्याचा थर्मास, गळ्याला बारा महिने मफलर. रक्ताचं तर असं, की कागदाने बोट कापलं तेव्हा भिंतीला धरून खालीच बसले. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा विषय निघाला की ते तिला अजून "आमच्या बाईसाहेब" म्हणतात.

या सिनेमात चाव्याआधी सरदाराने म्हणायचं होतं, "आता तू माझी." मग दात, मग माझी किंकाळी. मी किंकाळीच्या तयारीत उभी होते. आणि कानात आलं, "येऊ का?"

त्यांनी वाक्य बदललं होतं. पडद्यावरच्या ओठांना हेच नीट बसतं, असं त्यांनी सकाळी रेकॉर्डिस्टला सांगितलं होतं म्हणे. मला कुणी कळवलं नव्हतं. किंकाळी आलीच नाही. दात मानेला लागायच्या आधीच माझा श्वास सुटला, सगळाच्या सगळा, कुठून आला ते मला माहीत नाही. इतक्या वर्षांत चावा बसल्याशिवाय मी कधी उसासले नव्हते. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने हात वर केला. "पुन्हा" म्हणेल म्हणून मी वाट बघत राहिले. त्याने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "चुकलात ताई. राहू दे तसंच."

बाहेर बाकावर सरदार बसले होते. काम सकाळीच संपलेलं, तरी बसले होते. मला खोकला आला, त्यांनी गळ्यातला मफलर काढून दिला.

तोच राखाडी मफलर, वन्सं. मी घरी आले आणि तुमच्या भावाच्या कोटाशेजारच्या खुंटीवर लावला. तुम्ही बघितलात. विचारलं नाहीत, आणि आठवड्याभरात लेकीकडे जायची बॅग भरलीत. तुम्हाला वाटलं, तुमच्या पाठीमागे कुणी पुरुष घरात येऊन गेला.

तो आला नाही. मफलर आला, माणूस बाहेरच राहिला. तुम्ही गेल्यावर ते कधीमधी मला घरापर्यंत सोडायला येतात. वरच्या पायरीवर थांबतात, मी अच्छा म्हणते, ते अच्छा म्हणतात. एकदाच त्यांनी विचारलं, "येऊ का?" सरदाराचा आवाज नव्हता तो, त्यांचा स्वतःचा होता, बारीक आणि जरा घोगरा. आणि या वयाची मी, शाळेतल्या पोरीसारखी म्हणाले, "वन्सं घरी नाहीत." ते "बरं" म्हणाले आणि गुडघा सांभाळत, कठड्याला धरून उतरून गेले. त्यानंतर पुन्हा त्यांनी विचारलेलं नाही.

काल शुक्रवार होता. एकटीच सिनेमाला गेले, आपल्याच आसनांवर. तुमच्या जागेवर माझी पिशवी ठेवली. तो प्रसंग आला. "येऊ का?" झालं, माझा श्वास सगळ्या थिएटरभर पसरला, आणि दोन रांगा पुढच्या बाईने कॉलर मुठीत धरली. पडद्यावरची बाई मी नव्हे, पण तो श्वास माझा होता. ऐकताना माझ्याच मानेवर काटा आला. तुम्ही काही म्हणाल म्हणून मी वाट बघितली. पिशवी काय म्हणणार?

मला तो माणूस हवा आहे, वन्सं. सोबत म्हणून नको, दुखण्याखुपण्याला कुणीतरी असावं म्हणून नको. त्यासाठी तुम्ही आहात. मला त्याचं एक बोट केसांत हवंय, त्याचा श्वास मानेवर हवाय, हेडफोनमधला नव्हे, खरा, कोमट पाण्याच्या वासाचा. या वयात बाईला असलं काही होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या भावावर माझा जीव होता, अजून आहे. त्याचा कोट खुंटीवरून हलणार नाही. सरदारांनाही ते चालेल, त्यांच्या घरी बाईसाहेबांची छत्री अजून दाराशीच आहे.

उद्या दुपारी त्यांना बोलावलंय. ते पायरीवर थांबतील, विचारणार नाहीत. म्हणून मीच "या" म्हणणार आहे. तुमची परवानगी मागत नाही, कारण मिळाली नाही तरी म्हणणार आहे, आणि मग मागणं खोटं ठरेल. पण घर दोघींचं आहे. शिंप्याच्या तोंडून कळण्याआधी माझ्या तोंडून कळावं. पत्र तुमच्या हातात पडेल तेव्हा ते येऊन चहा पिऊन गेलेले असतील, किंवा गेलेले नसतील.

भीती सुळ्यांची नाही, तुमच्या गप्प राहण्याची आहे. भावामुळे मी तुमची वहिनी झाले. दुसऱ्याला आत घेतल्यावर ती हाक माझ्याकडे राहील की नाही, एवढंच मला छळतंय. लगेच परत या असं म्हणत नाही. फोन करा. कुंड्यांचं विचारू नका, नळाचंही नको. त्या दिवशी अंधारात पडद्यावरच्या त्या बाईला जे म्हणालात, तेच मला म्हणा. या वेळी ऐकलं नाही असं दाखवणार नाही.

खालच्या दाराची कडी आज काढूनच ठेवली आहे, तुमच्यासाठी आणि उद्यासाठी.

कुणीही आत आलं तरी तुमचीच,
वहिनी