आधी लिपी, मग आशीर्वाद

३ मार्च
स्वप्नालीचं लग्न ठरलं. २० एप्रिल, कझाकस्तानात, अल्माटीला. एमबीबीएसला पाठवली होती, नवराही तिथलाच शोधला. दौरेन नाव. दोन वर्षं नाही म्हणालो, आता थकलो. पासपोर्टची मुदत संपलेली. पाटोद्यातूनच व्हिडिओ कॉल. तिची एकच मागणी. तिकडे वडीलधारे दोन्ही हात वर धरून आशीर्वाद देतात, बाकीचे तळहात चेहऱ्यावरून फिरवून घेतात. तो बाबांनी कझाकमध्ये द्यावा. चार ओळी. देवनागरीत पाठवते म्हणाली. नको म्हणालो. पंचायत समितीत दहा वर्षं भाषणं केली, चिठ्ठी धरली नाही. मूळ लिपीतूनच शिकणार.

९ मार्च
अक्षरं बेचाळीस. रशियन वळणाची, त्यात नऊ खास त्यांची. तीन झाली. बाकीची उद्या.

११ मार्च
किताब, कलम, दुकान, बाजार, दुनिया. त्यांच्याकडेही थोड्याफार फरकाने हेच शब्द! म्हणजे मराठवाड्याच्या माणसाला निम्मी भाषा येतेच. आज सुट्टी.

२९ मार्च
धक्का. शंभर वर्षांपूर्वी लिपी अरबी. मग रोमन. मग १९४० पासून ही रशियन. चीनमधले कझाक अजून अरबीतच लिहितात. आता सरकार पुन्हा रोमनकडे निघालंय, तेही तारखा पुढे ढकलत. आमच्या तालुक्यातले पुढारी इतके पक्ष बदलत नाहीत. मग जुन्यासाठी डोकं कशाला शिणवा? नवी आली की एकदाच शिकू.
केसर म्हणाली, मंग पोरीचं लगीन बी तवाच लावायचं का? बायकोला भाषाशास्त्र कळत नाही.

१२ एप्रिल
स्वप्नालीचा फोन. झालं का पाठ, बाबा? झालं म्हणालो. आनंदाने रडली. मला लाज वाटली. थोडी.

१९ एप्रिल
केसरला म्हणालो, देवनागरीतल्या ओळी मागव. म्हणाली, तुमीच मागा. आता कोणत्या तोंडाने मागू?

२० एप्रिल
केबलवाल्या सिदूने टीव्हीवर कॉल जोडला. सवयीने सुरू झालो, मराठीत. व्यासपीठावरील सर्व मान्यवर, सन्माननीय व्याही... एकेकाचं नाव घेत गेलो, तेवढ्यात ओळी आठवतील म्हणून. पाठच नव्हत्या तर आठवणार काय? आवाज गेला, चित्र चालू. दोन्ही हात वर करून सिदूवर ओरडलो, वायफाय बघ की बे! तिकडे सगळ्यांनी तळहात वर धरले, मग चेहऱ्यावरून फिरवले. स्वप्नालीनेही. डोळे मिटून. कॉल कटला.
आशीर्वाद पोचला, असं केसरला सांगितलं. 

२१ एप्रिल
स्वप्नालीचा मेसेज. बाबा, नेमका ओळींच्या वेळी आवाज गेला, पण तुम्ही हात वर केलेत आणि सासूबाई रडल्या. त्या चार ओळी आता तुमच्या हाताने लिहून पाठवा. मूळ लिपीत. फ्रेम करून भिंतीवर लावायच्यात.
पहिल्या अक्षरापासून बसलोय. ती तीनही विसरलो. केसर चहा ठेवून गेली.