आडवी फांदी

९ जानेवारी १९२६, रेवदंडा

पाय सोलवटले! कर्जतहून इथवर चार दिवस. आईचा शेवटचा हट्ट — "माझ्या अस्थी हरिहरेश्वरी ने, समुद्राच्या कडेनं, चालत." मेल्यावरही हुकूमच! अस्थींचं गाठोडं आमच्या गड्याकडे, पोशाकडे. आत्यानं निघताना नाक मुरडलंच: "ठाकराच्या खांद्यावर वहिनी?" मग तुमची पोरं कुठं होती? एकजण फिरकला नाही.

पोशानं आज पहिल्यांदा समुद्र पाहिला. "मास्तर, ह्यो आटतो कवा?" हसू आलं. उत्तर दिलं नाही.

११ जानेवारी

तो पुढं, मी लंगडत मागं. वाटा फुटल्या की जिकडं जायचं नाही तिकडं तो पाल्याची फांदी आडवी टाकतो. "डोंगरात आमी असंच करतो. मागचा चुकत नाय." अजून तरी चुकलो नाही. मी एकच बजावलंय — गाठोडं जमिनीला टेकवायचं नाही.

१२ जानेवारी, काशीद

फोड फुटला. एका कोळ्याच्या पडवीत आडवा झालोय. अस्थी परक्या घरात नकोत म्हणून पोशाला म्हटलं, तू हो पुढं, पुढच्या वस्तीवर थांब, मी सकाळी येतो.

१३ जानेवारी

पोशा नाही!

वाट फुटली तिथं पहाटे आलो. एक वर रानात, एक कड्याखालून वाळूवर. फांदी कुठंच नाही. वाळूवरून गेलो. पुढच्या गावात त्याला कुणी पाहिलेलं नाही. अंधार पडेतो बसून राहिलो. पळाला! अस्थींच्या तांब्याच्या कलशासाठी! चांडाळ!

१७ जानेवारी, कर्जत

पाय टेकवेना, म्हणून त्या पुढच्या गावाहूनच होडीनं नि मग गाडीनं, रिकाम्या हातानं परत. "सांगितलं होतं ना!" आत्या इतकी खूश वर्षात दिसली नव्हती. फिर्याद देऊन आलो. संध्याकाळी पोशाची बायको ठकी ओट्याखाली येऊन उभी. "त्यो चोर नाय, मास्तर." मी आत गेलो, दार लावलं.

२० जानेवारी

आईला काय तोंड दाखवू? ज्याच्यावर भरवसा टाकला, तोच!

२३ जानेवारी

पोशा आला. गालफडं बसलेली, गाठोडं गळ्यात. "वर रानातल्या वाडीत वाट बघितली. मंग दुपारी फिरून खाली वाट फुटती तितं आलो नि सा दिस तितंच बसलो. गाठोडं झाडाला टांगलं, भुईला नाय टेकवलं. तुमाला फांदी नाय दिसली? वाळूवर ही मोटी टाकली हुती, पान्याच्या कडंला."

पाण्याच्या कडेला! रात्रीच्या भरतीनं नेली. 'ह्यो आटतो कवा?' त्यानं विचारलं होतं, मी हसलो होतो.

आत्यानं तोवर शिपायाला बोलावलंही. तो दोरी घेऊन ओट्यावर उभा. फिर्यादीखाली सही माझी. पोशानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाला, "आईचं ऱ्हायलं की, मास्तर. उद्या निघू?"