कुरण बंद आहे

मराकेश, २ एप्रिल १९९८

ती. इत्तोताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र आणि लोण्याचा डबा बाजाराच्या ट्रकवाल्याने पोचवला. लोण्यात त्याच्या बोटाची खूण आहे, तेवढी त्याची हमाली समजू.

बातमी अशी की, आमच्या सहल कंपनीच्या मालकीणबाई लल्ला बतूल यांनी पहिल्यांदाच मला अख्खी सहल आखायला दिली आहे, आणि मी आपलं तिमिझार निवडलं. एरवी कंपन्या पाहुण्यांना खिंडीत उतरवतात, फोटो काढू देतात आणि खालच्या हॉटेलात जेवायला नेतात. आपल्या वाट्याला रिकाम्या बाटल्या. माझे पाहुणे मेमध्ये येतील, सामान आपल्या खेचरांवरून चढेल, भाकरी तुझ्या हातची खातील आणि वरच्या कुरणात, फुलांमध्ये तंबू लावतील. हे जमलं तर गावाला दरवर्षी काम. नाही जमलं तर मी पुन्हा विमानतळावर नावाची पाटी धरून उभा. बाबांना जरा गोडीगुलाबीने विचार.

आईला सलाम. लोभ असावा, आणि लोणीही.
तुझा बस्सू


तिमिझार, ११ एप्रिल

चि. बस्सूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र ऐकून आई खूश, मी अर्धी खूश, आणि बाबांना मी अर्धंच वाचून दाखवलं. अरे शहाण्या, मेमध्ये कुरण बंद असतं हे विसरलास? फुलं झडून बी मातीत पडलं तर पुढच्या साली गवत. तोवर कुणाची शेळीसुद्धा आत जात नाही, आणि तुझे पाहुणे जाणार? यंदाही राखणदार बाबाच आहेत. मामांची मेंढरं शिरली होती तेव्हा सख्ख्या मेव्हण्यालाही त्यांनी सोडलं नाही. साऱ्या गावाला जेवू घालायचा दंड भरताना मामींनी बाबांचा कसा उद्धार केला, ते आठवत असेल.

तरी मी विचारलं. ते म्हणाले, ऑगस्टमध्ये कुरण उघडेल त्या दिवशी आण, मी स्वतः वाट दाखवीन. एवढं ऐक रे बाबा. राखणदाराच्या मुलानेच कुरण मोडलं, तर त्यांनी जमातीच्या बैठकीत कुठल्या तोंडाने बसायचं?

माझा राग आला तरी माया पातळ करू नकोस.
तुझी इत्तो


मराकेश, २० मे

ती. ताईस,
सलाम. वि. वि.

सुखरूप पोचलो. निघताना तुझ्याशी धड बोलताही आलं नाही. तू बजावलं होतंस, तरी मला वाटलं, पाहुण्यांना घेऊन मागच्या दरीतून चढू, एक मुक्काम करू, कुणाला कळतंय. सकाळी तंबूतून डोळे चोळत बाहेर आलो तर बाबा समोर दगडावर बसलेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. जमातीसमोर मामांना दिला तोच दंड मला दिला. माझं नाव घेतलं नाही, नुसतं ‘हा’ म्हणाले. ते फार लागलं गं.

गंमत म्हणजे, परतताना फुलांचा विषय कुणी काढला नाही. फ्रान्समधल्या लियोंच्या ओदिलबाई, त्या निवृत्त शिक्षिका, तुझ्या शेजारी बसून दंडाच्या जेवणासाठी सलगम सोलत होत्या ना, त्या वाटभर त्या जेवणाबद्दलच बोलत होत्या. लल्ला बतूल तर आता म्हणतात की दंडाचं जेवण प्रत्येक सहलीत घालू.

बाबांची तब्येत कळव. माझ्यावरची माया शिल्लक असेल तर सांभाळून ठेव.
बस्सू


तिमिझार, ३० मे

चि. बस्सूस,
आशीर्वाद. वि. वि.

म्हणजे आता दंड विकायला काढलात? मग जेवणासाठी प्रत्येक वेळी कुणीतरी कुरण मोडायचं का? तुझ्या लल्ला बतूलना सांग, पाहुणे म्हणून या, गुन्हेगार म्हणून कशाला? ओदिलबाई सालीबरोबर अर्धा सलगम टाकत होत्या, पण बाई मनाने चांगली. झऱ्यावर बायका माझ्याशी भांडल्या की पाहुणे तुमच्याच घरी का, आम्हाला भाकरी येत नाही का.

बाबा रोज तुझ्या तंबूची जागा बघायला जातात. तिथली माती दबून घट्ट झाली आहे. घरात तुझं नाव निघालं की ते उठून बाहेर जातात, आणि आई जेवता जेवता डोळे पुसते. माफीचं पत्र धाडू नकोस. त्यांना वाचता येत नाही आणि मला तुझी वकिली करायचा कंटाळा आलाय. काहीतरी करून दाखव.

रागावले आहे, तरी तुझीच आहे.
इत्तो


मराकेश, १२ जून

ती. ताईस,
सलाम. वि. वि.

लल्ला बतूलना स्पष्ट सांगितलं, सहल ऑगस्टमध्येच. पाहुणे मोजके, दोघं-दोघं पाळीपाळीने वेगवेगळ्या घरी. मोबदला त्या घरच्या बाईच्या हातात. वर जायचं ते कळपांच्या मागून, आणि तंबू जमात सांगेल तिथेच. त्यांनी विचारलं की फुलं नसताना कोण येणार. मी जुन्या पाहुण्यांना कळवलं, तर पहिलं नाव ओदिलबाईंचं आलं. मग लल्ला बतूल म्हणाल्या, एकदा करून बघ.

पाहुण्यांना खिंडीपर्यंत मी आणतो. पुढे तू ने, दुभाषे म्हणून शाळेच्या मास्तरांना घे. बाबांनी बोलावल्याशिवाय मी वर येणार नाही.

आईला जप. पूर्वीसारखाच जीव लाव.
बस्सू


तिमिझार, ९ ऑगस्ट

चि. बस्सूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू खिंडीतल्या चहावाल्याकडे बसून राहिलास आणि फार मोठं काही चुकवलंस. बाबांनी हात वर केला, साऱ्या गावाची मेंढरं एकदम सुटली, आणि मागून तुझे पाहुणे धूळ खात चालले. एकानेही तक्रार केली नाही. आपल्याकडे मुक्कामाला आलेले दोघं मांस खात नाहीत. आईला वाटलं आजारी आहेत, ती त्यांना दोन दिवस काढा पाजत होती. झऱ्यावर आता कुणाचे पाहुणे जास्त जेवले यावर भांडण.

वर सगळीकडे गुडघाभर गवत आणि मध्येच एक बोडका तुकडा. ओदिलबाईंनी विचारलं, इथेच का उगवलं नाही? मी विषय बदलणार, तेवढ्यात बाबांनी स्वतःच उत्तर दिलं की हा बस्सूचा तंबू. मास्तरांनी ते फ्रेंचमध्ये सांगितलं आणि सगळे हसले, बाबासुद्धा. मला मात्र रडू आलं. तीन महिन्यांनी तुझं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं.

संध्याकाळी जमात बसली. बाबा म्हणाले, गुडघे थकले, पुढचा राखणदार बस्सू. मामा उसळले की ज्याने कुरण मोडलं त्यालाच द्यायचं? बाबा म्हणाले की म्हणूनच, तो बोडका तुकडा त्याच्याइतका दुसऱ्या कुणाला दिसणार नाही. मग जमातीने होकार दिला.

तेव्हा वसंतात तू इथे हवास, लल्ला बतूलना आत्ताच सांगून ठेव. आणि बाबांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय की वर राखणदाराची झोपडी आहे, तंबू आणू नकोस.

सगळ्यांचा लोभ आहेच, येऊन घेऊन जा.
तुझी इत्तो