बाबांनी शिवलेला शेवटचा चेंडू

बाल्टिमोरहून परतताना, जून १८७२

लाडक्या आईला लोरेन्झचा नमस्कार.

मी बरा आहे. अक्षर वाकडं आलंय ते आगगाडीच्या हिसक्यांनी. बोटं ठीक आहेत. तुझा खोकला?

आमचा पगारी संघ बेसबॉलचा सामना हरला, नऊ विरुद्ध अकरा. चेंडू पाहुण्यांनी आणायचा असतो. बाबांनी देवाघरी जाण्याआधी शिवलेला शेवटचा चेंडू मी नेला होता. त्याने जिंकू असं वाटलं. हरलेल्यांनी चेंडू जिंकणाऱ्यांना देऊन टाकायचा, ही रीत.

त्यांचा कप्तान म्हणाला, "एक टाका उसवला नाही राव! कुणी शिवला?"

"बाबांनी."

"मग आणखी चार मागव की!"

मी चेंडू त्याच्या हातात ठेवला.

आता ते चेंडूला विजयाची खूण म्हणून सोनेरी रंग देऊन कपाटात ठेवतील. रडू नकोस, आई. यापुढे त्याला कुणी बडवणार नाही.

तुझाच,
लोरेन्झ