हिचा क्लास मी चालवतो

३ जून, मंगळवार
ठरलं. हिचा इंग्रजीचा क्लास बंद पडू द्यायचा नाही. ही गेली म्हणून मुलांचं नुकसान का? लेक म्हणाली, बाबा, तुम्हाला जमेल? अगं, जन्मभर पार्सल ऑफिसात गावागावांचा माल वेगळा केला. हे गाव या खणात, ते त्या खणात. इंग्रजीत शब्दांच्या जाती आठच. आठच खण! डाव्या हातचा मळ.

४ जून, संध्याकाळ
पद्धत हिचीच. फळ्यावर वाक्य, शब्दाखाली रंगीत खडूने रेघ. नाउन निळा, व्हर्ब लाल, अ‍ॅडजेक्टिव्ह हिरवा. बाकीचे पुढे बघू.
वाक्य घेतलं : द नाइट इज डार्क. डार्कखाली निळी रेघ. डार्क म्हणजे अंधार, अंधार म्हणजे नाम. शेंबडं पोरही सांगेल. मुलं एकमेकांकडे बघत होती. भारावली असावीत. फळा पुसला नाही, मुरू दे.

५ जून, सकाळ
अंगावर काटा. डार्कखाली हिरवी रेघ! आणि हुबेहूब हिची, शेवटी किंचित वर वळलेली. घराच्या दाराला आतून कडी. लेकीला काही बोललो नाही, उगाच घाबरायची.
मुलांना सांगितलं, काल मुद्दाम चुकवलं होतं.

९ जून
रोज तेच. संध्याकाळी मी चुकतो, सकाळी फळा बरोबर. व्याकरणाचं पुस्तक कपाटात टाकलं. खुद्द मालकीण हजर असताना वाचायचं कशाला? आधी भीती वाटायची. आता उठल्या उठल्या फळ्याकडे जातो. चहा नंतर.

१२ जून
काल नजरचुकीने सगळं बरोबर आलं. सकाळी फळ्याला कोणी हात लावलेला नाही. दिवसभर चैन पडली नाही.
निश्चय : रोज एक तरी चूक करायचीच.

१५ जून
व्हर्बखाली हिरवी मारली. चिडली असेल. चिडू दे, येईल तर खरी. खोलीत हिच्या तेलाचा वास आला. आलाच.
दोन आया येऊन म्हणाल्या, मुलांना घरी अभ्यासाला वेळ हवाय. येतील परत.

१८ जून
लेक सासरी गेली. आईमागे इतके दिवस राहिली, हेच खूप. निघताना पुन्हा पुन्हा म्हणाली, बाबा, क्लास बंद केलात तरी चालेल हो. तिला वाटतं मी एकटा पडेन. वेडी.

१९ जून
फळा तसाच. दमली असेल.

२० जून
तसाच. मग अख्खं वाक्य निळं करून ठेवलं. आता कशी गप्प बसते बघू.

२१ जून
निळंच.

२२ जून, रविवार
लेकीचा फोन. चाचरत म्हणाली, बाबा, फळा आता कोण बघतं? मुलांपुढे तुमचं हसं नको, म्हणून पहाटे मीच रेघा बदलायचे. आईनेच शिकवलं होतं ना मला.
म्हटलं, मला माहीतच होतं गं.
ही गेली तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं, रडायला सवडच झाली नाही. आज क्लासला एकही मूल आलं नाही. दार लावून पोटभर रडून घेतलं.
उद्या क्लासला सुट्टी जाहीर. कोणाला जाहीर करायची, ते बघू.