अविवाहितास प्राधान्य

१४ जानेवारी १९५१
नागपूरच्या पेपरात जाहिरात. विमान कंपनीला शिकाऊ पायलट पाहिजेत. मॅट्रिक पास. आहे, दुसऱ्या खेपेला का होईना. उंची साडेपाच फूट. जवळपास. नजर चष्म्याशिवाय तीक्ष्ण. तलावाच्या पाळीवरून पलीकडचे बगळे मोजतो मी. शेवटची अट: अविवाहितास प्राधान्य.
लढाईत गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवर उतरणारी विमानं कुंपणाशी उभं राहून पाहिली आहेत. एवढा अनुभव जिल्ह्यात कोणाला?

१६ जानेवारी
मुर्रीला उमरावजींकडे गेलो. त्यांनी प्रेमिलाच्या आणि माझ्या लग्नाची वैशाखातली तारीख काढून ठेवली होती. मी म्हटलं, वर्षभर थांबा. ते म्हणाले, पोरीच्या बापाले थांबा म्हणून राहिले? मी जाहिरातीचं कात्रण वाचून दाखवलं. प्रेमिला दाराशी उभी होती. काही बोलली नाही. खूश असावी.
घरी आई म्हणाली, काऊन रे, लगन झालेल्याचं विमान खाली पडते का? मी कात्रण जपून पेटीत ठेवलं.

५ फेब्रुवारी
संकल्प: पाचला उठणे, शीर्षासन, इंग्रजी.

६ फेब्रुवारी
साडेसातला उठलो. पायलटला झोप पुरेशी लागते.

११ मार्च, नागपूर
मेडिकल. उंचीला टाचा किंचित उचलल्या. अक्षरांची शेवटची ओळ घडाघड वाचली. मग डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक काढलं. म्हणे, आकडा वाचा. आकडा कुठेच नव्हता. छपाई खराब आहे, असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. स्पष्टवक्तेपणाचेही मार्क असतील.

२८ मार्च
नापास. म्हणे लाल-हिरवा ओळखत नाही! जन्म गोंदिया जंक्शनच्या बाजूला गेला आणि मला सिग्नल कळत नाही? थेट रेल्वेतल्या बिसरामकडे गेलो. सिग्नलचा हात आडवा की झुकलेला, लांबून सांगितलं. दहापैकी दहा. मग त्याने कंदील हातात धरून काच बदलत विचारलं. दहापैकी पाच. ऊन डोळ्यांवर येत होतं.
बिसराम म्हणाला, भाऊ, हे शिकून येत नाही. तो कुठला डॉक्टर!

३० एप्रिल, नागपूर
अर्ज-विनंत्या करून पुन्हा तपासणी मिळवली. पुस्तकातले आकडे पास झालेल्या एकाकडून क्रमाने पाठ करून गेलो होतो. बारा, आठ, एकोणतीस. डॉक्टरांनी पुस्तक शेवटच्या पानापासून उघडलं. मी बाराच म्हटलं.
ते म्हणाले, आता येऊ नका. आवाज मऊ होता. तेच जास्त लागलं.

२ मे
नोकरी नकोच. आता कसलीही अट नाही, तेव्हा वैशाखातच लग्न उरकू. उद्या मुर्रीला जाऊन सांगतो. उमरावजींना आनंद होईल.

३ मे
उमरावजींच्या अंगणात मांडवाचे खांब रोवून राहिले होते. प्रेमिला केवलराम मास्तरला दिली आहे. उमरावजी म्हणाले, तुमीच थांबा म्हटलं. लोक विचारून राहिले, पोरीत खोट आहे का.
निघताना विहिरीपाशी प्रेमिला भेटली. म्हणाली, मले विमान नोको होतं. त्या दिवशी मले एक खेप विचारलं असतं त मी तसं सांगितलं असतं.
उन्हातून पायीच घरी आलो.

११ मे
तिचं लग्न. आई म्हणाली, जाऊ नोको रे बापा. गेलो. नाही तर लोकांना वाटलं असतं, याला वाईट वाटलं. पंगतीत वरण वाढायलाही उभा राहिलो. एकाने विचारलं, काय भैयालाल, विमान कवा? मी म्हटलं, कंपनीशी बोलणं चालू आहे.
वाढत वाढत नवरा-नवरीच्या पानांशी आलो. मास्तरने वाढून घेतलं. तिने पानावर हात धरला.
गोठ्यामागे जाऊन रडलो. पुष्कळ रडलो. कंपनीने मला नाकारलं, त्याला माझे डोळे तरी कारण होते. मी तिला नाकारलं, आणि तिच्यात काहीच कमी नव्हतं.