विरोध ज्याचा, जेवण त्याच्या घरी

लोहा,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

आदरणीय मामा आणि मामी यांना महामायाचा सप्रेम जयभीम.

मामा, फोनवर बोलण्यात आता काही अर्थ राहिला नाही. मागच्या वेळी मी विचारलं, जेवलात का, तर तुम्ही म्हणालात, हाव, पाऊस बरा झाला. मामी मागून हसत होत्या. म्हणून हे पत्र. डोळे अजून चांगले आहेत तुमचे, सावकाश वाचा.

इकडे सगळं बरं आहे. शाळेच्या गणवेशांचं काम संपलं, आता लग्नसराईचे ब्लाउज शिवायला आलेत. तुमची खोली दर रविवारी उघडून झाडते. शेजारच्या मांजरीनं तुमच्या खाटेखाली पिलं घातली आहेत. तुम्ही येईपर्यंत राहू दे म्हटलं. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच पाणी प्या आणि त्यावरून मामींशी भांडू नका. लातूरच्या त्या एका खोलीत त्यांनाही तुमच्याशिवाय भांडायला कोणी नाही.

आघाडीचं कसं चाललंय, हे तुम्ही दर वेळी मामींना विचारायला लावता आणि मी दर वेळी चाललंय म्हणते. आजही तेच लिहिणार होते. पण रविवारी तुमचा सुगत तिकडे येणार आहे, त्याच्या आधी हे पत्र पोचायला हवं.

निवडणूक लागली हे तुम्हाला कळलंच असेल. गेल्या महिन्यात शिवमूर्तीकाकांच्या गिरणीत बैठक झाली. आपल्या मैत्री आघाडीनं जिल्ह्यातल्या त्या बड्या साहेबांच्या पक्षात जायचं आणि आपल्या वॉर्डात त्यांच्या चिन्हावर सुगतनं उभं राहायचं, असं ठरत होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, मला मान्य नाही. आज नळाचं पाणी आधी कोणत्या गल्लीत सोडायचं, हे आपण सतरंजीवर बसून ठरवतो. उद्या ते साहेब ठरवतील. कोणी चिडलं नाही. शिवमूर्तीकाका तर नेहमीसारखे हसले आणि म्हणाले, "मंग शुक्करवारी जेवण महामायाकडं."

तुमचाच नियम, मामा. ज्याचा विरोध, पुढची बैठक त्याच्या घरी, जेवणही त्याच्याच घरी. त्याच्या चटईवर बसा, त्याचं मीठ खा, मग त्याला चूक म्हणा, असं तुम्ही म्हणायचात. दुसऱ्या पक्षांचे लोक आपल्याला जेवणावळीची आघाडी म्हणून चिडवायचे. चिडवू दे. मला तर पहिल्यांदा तुम्ही विरोध केलात ती बैठक आठवते. मी तेव्हा परकर-पोलक्यात होते. सगळी मंडळी आपल्या गल्लीत येणार म्हणून माझी आई सकाळपासून आतबाहेर करत होती. पाणी आपल्या माठातलं द्यायचं की बाहेरून आणायचं, हे ती तुम्हाला तीनतीनदा विचारत होती. तुम्ही म्हणालात, आपल्याच माठातलं. शिवमूर्तीकाका घरी भांडून आले होते. गटागटा पाणी प्यायले आणि भाकरी मागून घेतली. त्या दिवशी आई चुलीपुढे बसून रडली. आघाडी म्हटलं की मला तुमची भाषणं आठवत नाहीत, मला ती भाकरी आठवते.

म्हणून शुक्रवारी मी मनापासून स्वयंपाक केला. येसराची आमटी, भरली वांगी, ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी. आघाडीतल्या उमाबाईंनी सकाळीच त्यांच्या खानावळीतली मोठी पातेली आणि सतरंजी पाठवली. मी मशीन भिंतीला सरकवून जागा केली. काय काय बोलायचं, तेही मनाशी घोकून ठेवलं होतं.

दिवेलागण झाली. कोणी आलं नाही. वाटलं, गिरणीत गर्दी असेल. मग उमाबाईंना फोन केला, तर म्हणाल्या गुडघा धरलाय. शिवमूर्तीकाकांनी फोन उचलला नाही. शेवटी समोरच्या पोरीनं सांगितलं की सगळे बसस्टँडजवळच्या मंगल कार्यालयात बसलेत, साहेबांची माणसं आली आहेत, तिथंच जेवण आहे. मी सतरंजी गुंडाळून ठेवली. भाकरी गल्लीत वाटल्या.

मामा, इथपर्यंत लिहून मी थांबले होते. चहा करून आले. पुढचं तुम्हाला कोणीच सांगणार नाही, म्हणून लिहिते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुगत आला. मला वाटलं, बाकीच्यांनी त्याला अडवलं असेल. मी विचारलं, कार्यालय कोणी ठरवलं? खाली बघून म्हणाला, "मीच, आक्का. साहेबाची माणसं संगं होती. त्यांला आपल्या गल्लीत जेवाय बसवून अवघडात कशाला टाकायचं?"

शिवमूर्तीकाका असं म्हणाले असते, तर मी त्यांच्या दारात जाऊन भांडले असते. पण हे तुमच्या पोटचा पोरगा बोलत होता, मामा. ते लोक नाही म्हणालेच नव्हते. त्यांना कोणी विचारलंच नाही. त्यांच्या वतीनं आपल्याच सुगतनं आपल्या घरची पानं उचलली.

मग तो तुमच्याविषयी म्हणाला, "दादाचा डायलिसिसला नंबर लागंना, तवा साहेबांनीच फोन केला लातूरला. मी कोण्या तोंडानं न्हाई म्हणू?" हे तुम्हाला सांगू नको, असंही म्हणाला. मी कबूल केलं नाही.

आदल्या दिवशीची आमटी उरली होती. मी न विचारता वाढली. त्यानं मान वर न करता खाल्ली. ताट धुऊन ठेवलं आणि गेला.

रविवारी तो मोबाइलवर तुमचं बोलणं रेकॉर्ड करून घ्यायला येतोय. हा निर्णय आघाडीनं सगळ्यांच्या संमतीनं घेतला, एवढं तुमच्या तोंडून हवंय. तुमच्या शब्दावर आपली गल्ली आणि निम्मा वॉर्ड उभा राहील, हे साहेबांना ठाऊक आहे. तुम्ही बोलला नाहीत, तर सुगत बहुतेक पडेल, आणि त्या फोनचं पुढं काय होईल, मला माहीत नाही. उपचार थांबतील की काय, या भीतीनं मला झोप नाही. तरीही लिहिते, कारण सगळ्यांची संमती नव्हती. माझी नव्हती, आणि ती कोणी घ्यायलाही आलं नाही.

बोला किंवा बोलू नका, असं मी सांगणार नाही. तुम्ही बोललात तर मला राग येणार नाही, वाईट मात्र फार वाटेल. सुगतवर ओरडू नका. तो तुम्हाला जगवायला निघालाय आणि त्यात काय गमावलं, हे त्याला कळलेलं आहे. मी त्याचं खाली गेलेलं तोंड पाहिलंय.

मी आघाडी सोडली. विरोधात प्रचार करणार नाही, दुसरीकडे कुठे जाणारही नाही. सुगतला मत देणार नाही, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. ज्याला लहानपणी कडेवर घेऊन गल्लीभर फिरवला, त्याला हे सांगताना जीव तुटला. तो नुसता हं म्हणाला.

मत देणार नाही, मामा. पण उद्या दारात आला तर जेवायला वाढीन.

आघाडीची नाही, पण तुमची,
महामाया